अर्जात वारलेले वडील

माझे वडील धडधाकट होते, दोन्ही वेळा पोटभर जेवत होते, सकाळी पूजेला बसले की त्यांचा आवाज तळ्याच्या पलीकडे जात होता, आणि त्याच सुमाराला ठाण्याच्या कचेरीत ते मयत म्हणून लागले होते. हे कसं झालं ते लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. दादा होता तोवर त्याला वाईट वाटेल म्हणून, आणि तो गेल्यावर आता कशाला म्हणून. पण त्या घरातली मी एकटीच उरले आहे. माझ्यामागे हे सांगणारं कुणी नाही, आणि असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही कल्याणला होतो. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर आणि अळूचं रान. बाबा बंदरावर एका शेटजींच्या वखारीत कारकून होते. भाताच्या गोणी गलबतातून उतरायच्या, गलबतात चढायच्या, आणि त्या गलक्यात दिवसभर ओरडून बाबांचा आवाज असा झाला होता की मीठ वाढ म्हणाले तरी शेजारीण दचकायची. त्यात तपकिरीचं व्यसन. एक शिंक आली की मागोमाग तीन-चार यायच्या आणि चुलीजवळची मांजर पळत सुटायची. आई म्हणायची, "अहो, हळू! कौलं उडतील." बाबा म्हणायचे, "उडू देत. घरमालक शाकारून देईल." संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, वर कच्चं तेल, आणि जेवताना बाबांच्या बंदरावरच्या गोष्टी. कुठल्या गलबतावरचा तांडेल काय बोलला, कुणाची गोण पाण्यात पडली, सगळं सोंगं काढून सांगायचे. आईला हसू आवरायचं नाही आणि वाढताना पिठलं ताटाबाहेर सांडायचं. माझ्या लहानपणातलं सुख म्हणून मला काही आठवत असेल तर ते हेच.

मग माल रेल्वेने जाऊ लागला. बंदरावर गलबतं यायची कमी झाली, वखारी एकेक करून बंद पडल्या, आणि एक दिवस शेटजींनी बाबांना नारळ आणि उपरणं देऊन घरी पाठवलं. बाबांच्या वयाच्या माणसाला नवीन कोण ठेवणार? दादा, म्हणजे विनायक, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. मधली भावंडं जगली नव्हती. तो इंग्रजी चार-पाच इयत्ता शिकला होता आणि ठाण्याच्या कचेरीत उमेदवारी करत होता. उमेदवारी म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. रोज कचेरीत जायचं, कारकुनांच्या नकला करून द्यायच्या, त्यांच्या दौतीत शाई भरायची, शिव्या खायच्या, आणि पगार काही नाही. कधीतरी जागा रिकामी होईल आणि आपल्याला मिळेल, या आशेवर पोरं वर्षानुवर्षं तशी बसायची. काहींना मिशा फुटल्या, काहींचे केस पिकले, पण जागा मिळाली नाही.

जागा निघाली की अर्ज करायचा. अर्ज इंग्रजीत हवा, आणि तो लिहून देणारे दोघेतिघे कचेरीसमोरच झाडाखाली सतरंजी टाकून बसलेले असत. त्यांचा एक ठरलेला घाट असे. तेव्हाच्या साहेबाला म्हणे बिनबापाच्या पोरांची फार दया यायची. एकाला त्या दयेवर जागा मिळाली मात्र, अर्जांतून पोरांचे बाप पटापट मरू लागले. साहेबाला वाटलं असेल, ठाणे जिल्ह्यात ही कसली साथ आली! कुणी आपलं वय तीन वर्षांनी कमी लावलं, कुणी न दिलेल्या परीक्षेत पास झाला, कुणी कुठल्याशा मामलेदाराचा भाचा निघाला. आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. अर्ज म्हणजे अर्ज. लग्नात मुलीचं वय सांगतात तसं, सगळ्यांना ठाऊक आणि कुणी बोलायचं नाही.

परवा माझ्या नातवाने नोकरीसाठी लिहिलेला अर्ज मला वाचून दाखवला. त्यात त्याला घोड्यावर बसता येतं असं होतं. मी म्हटलं, "मेल्या, तुला गाढवावर तरी बसता येतं का?" तो म्हणाला, "आजी, सगळे लिहितात गं, कोण बघायला येतंय?" त्याला काय सांगू?

दादाला जागा मिळाली त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. देवापुढे ठेवले, बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी त्याला पोटाशी धरलं. आईने दृष्ट काढली. आणि मग जेवायला बसल्यावर, पहिला घास हातातच धरून, दादा म्हणाला, "बाबा, एक सांगायचंय. अर्जात तुम्ही... म्हणजे वडील वारले असं लिहिलंय. आई विधवा आहे असं. त्या लिहिणाऱ्याने घातलं आणि मी सही केली."

आईचा हात कुंकवाकडे गेला. ती कपाळावर बोटं दाबून बसली. बाबा मात्र हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे, मेलो कशाने ते तरी लिहिलंस की नाही?"

"तापाने."

"चांगलं केलंस. पटकीने नाही मारलंस." मग आईकडे वळून म्हणाले, "अगं, वाढ की! मेलेल्या माणसाला भूक लागत नाही असं कुणी सांगितलं तुला?"

आई उठून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा बाबांचं हसणं थांबलं.

तेवढ्यावर निभावलं असतं, पण हुकूम निघाला की कारकुनांनी कचेरीच्या गावीच राहिलं पाहिजे. दोन गावी दोन चुली पेटवायची आमची ऐपत नव्हती. ठाण्याला सगळ्यांनी जायचं तर बाबांना कोण म्हणून न्यायचं? तोडगा बाबांनीच काढला. त्यांचा धाकटा भाऊ केशव लहानपणीच देवाघरी गेला होता. "मी केशव बनतो," बाबा म्हणाले, "विन्याचा काका. ही काकू. म्हणजे हिचं कुंकू कुणी पुसायला नको. विन्याची विधवा आई कोकणात तिच्या भावाकडे असते, बस्स." आई म्हणाली, "आणि ही पोर?" माझ्याकडे बघून बाबा म्हणाले, "गोदी काय, शहाणी आहे. काय गं?" मला ती मोठी गंमत वाटली. कल्याणचे शेवटचे दिवस आमचा तोच खेळ चालायचा. मी चुकून बाबा म्हटलं की ते ओ द्यायचे नाहीत, छताकडे बघत बसायचे. काका म्हटलं की लगेच म्हणायचे, "काय गं, पुतणे?" मी पोट धरून हसायचे. आता तो खेळ आठवला की अंगावर काटा येतो.

ठाण्याला तळ्याच्या मागच्या गल्लीत बिऱ्हाड मिळालं. घरमालकीण मिठागरवाल्यांची, मोठ्या कुंकवाची, मोठ्या मनाची बाई. मी अंगणात गेले की हाक मारायची, "ये गो पोरी," आणि पदराखालून काकडी काढून द्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगायची, "बापूस नाय गो हिला." आणि माझा बापूस चार हातांवर ओसरीत बसून सुपारी कातरत असायचा. पहिल्यांदा त्यांनी मला डोळा मिचकावला. पुढे पुढे ते माझ्याकडे बघेनासे झाले. मी काकडी घेऊन तशीच उभी राहायचे.

घरात तरी बाबा म्हणू द्यावं, असं मी एकदा दादाला म्हटलं. तो म्हणाला, "गोदे, एकदा जिभेवर बसलं की भलत्या वेळी तोंडातून निघतं." त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या बरोबरचा जनार्दन म्हणून एक कारकून होता, परीक्षा पास झाल्याचं लिहून चिकटलेला. कुणीतरी चहाडी केली. साहेबाने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, नोकरीवरून काढलं आणि वर खटला भरला. दादा त्या दिवशी घरी आला तो पांढराफटक. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो सगळं पाणी सदऱ्यावर. त्या दिवसापासून घरातसुद्धा काका आणि काकू. फक्त आई आणि बाबा एकमेकांना जे म्हणायचे, अहो आणि अगं, ते तेवढं जुनं राहिलं.

आणि मग भाद्रपद आला. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पितृपंधरवड्यात कचेरीत ज्याची त्याची तिथी बघून सकाळची सवड द्यायचे. शिरस्तेदार, म्हणजे सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ, मोठे कर्मठ. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी दादाला विचारलं, "विनायकराव, वडिलांची तिथी कोणती?" दादाच्या तोंडचं पाणीच पळालं. तोंडाला आली ती सांगितली, दशमी. रावसाहेब म्हणाले, "इथे तुमचा कोणी उपाध्याय नसेल. आमचे भटजी पाठवतो. चिंता करू नका." किती चांगला माणूस! त्याच्या चांगुलपणाने आमचा गळा आवळला.

आई त्या दिवशी पहिल्यांदा बाबांवर ओरडली. "जित्या माणसाचं श्राद्ध? माझ्या हातून? मी वडे तळू तुमच्या पिंडाचे? मला आधी विहिरीत ढकला." दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, "मी उद्या जाऊन खरं सांगून टाकतो. काय व्हायचं ते होऊ दे." बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "सांगशील, आणि जनार्दनाशेजारी जाऊन बसशील. मग हिला आणि गोदीला खायला काय घालू? शिंका? गप रहा. अगं, तूही गप रहा. दोन वडे जास्त कर, मला आवडतात."

दशमीला आईने सगळं केलं. खीर, वडे, अळूचं फदफदं, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. कपाळभर कुंकू लावून केलं, एवढं मोठं कुंकू मी तिच्या कपाळावर कधी पाहिलं नव्हतं. डोळे लाल होते, पण चुलीच्या धुराने सगळ्यांचेच होतात. भटजी आले, दर्भ मांडले, तीळ, पाणी, भाताचे पिंड. आणि पहिल्याच पायरीला दादा अडखळला. बाप जिवंत असलेल्या मुलाने हे कधी केलेलं नसतं, करायचंही नसतं. जानवं कुठल्या खांद्यावर घ्यायचं, पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं की बोटांवरून, त्याला काही माहीत नव्हतं. भटजींनी भुवया चढवल्या. "अहो, वडील जाऊन किती वर्षं झाली? अजून अपसव्य कळत नाही?"

तेवढ्यात बाबा पुढे सरकले. "पोर घाबरतं हो. वडिलांवर फार जीव होता त्याचा," ते भटजींना म्हणाले, आणि दादाचं जानवं त्यांनी आपल्या हाताने उजव्या खांद्यावर घेतलं. "असं. आता अंगठ्याकडून पाणी सोड. घाई करू नकोस, विन्या." आपल्या पिंडावर तिळाचं पाणी कसं सोडायचं ते माझ्या बापाने माझ्या भावाला मनगट धरून शिकवलं. बाबांचं नाव घेऊन भटजी मंत्र म्हणत होते आणि दादा मान खाली घालून ते नाव उच्चारत होता.

भटजी कामात चोख. सगळं झाल्यावर बाबांना म्हणाले, "केशवराव, तुमचे सख्खे बंधू. तुम्हीही तिलांजली द्या, तुम्हाला अधिकार आहे." बाबा बसले, ओंजळीत तीळ घेतले आणि स्वतःच्या नावाने पाणी सोडलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आईच्या हातची पळी होती.

त्या दिवशी बाबा जेवायला बसले खरे. वड्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावतच राहिले. दुसरा मागितला नाही. मला वाटलं होतं, ते काहीतरी थट्टा करतील, मेल्यावर चव कळत नाही वगैरे. मी वाटच बघत होते. ते काही बोलले नाहीत, आणि मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतर त्यांचा आवाज उतरत गेला. कुणी दाबायला सांगितलं नव्हतं. पूजा पुटपुटत करायचे, बंदराच्या गोष्टी संपल्या, तपकिरीची डबी कोनाड्यात पडून राहिली. कल्याणचं कुणी ओळखीचं दिसेल म्हणून स्टेशनच्या बाजूला फिरकत नसत. मग तळ्यावर जाणंही सोडलं. दर भाद्रपदात भटजी येत, दादा आता न चुकता सगळं करी, आणि बाबा शेजारी बसून पाणी सोडत. तिसऱ्या की चौथ्या वर्षी आईने रडणंही सोडलं. मला ते जास्त वाईट वाटायचं.

माझं लग्न झालं तेव्हा लग्नपत्रिकेत बाबांच्या नावामागे कैलासवासी होतं. कन्यादान चुलत्यांनी केलं. सासरच्या बायका कौतुकाने म्हणाल्या, "बापाची उणीव भासू दिली नाही हो काकांनी." बाबांनी माझा हात सोडला तेव्हा त्यांचा हात गार होता. मी पहिली वीस-पंचवीस वर्षं माझ्या यजमानांनाही हे सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग मी ज्यांच्या पाया पडलो ते सासरे होते?" आणि बराच वेळ पानाला चुना लावत बसले.

बाबांना दमा लागला. माघात मी माहेरी आले होते, तेव्हा ते उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपत. एक दिवस दुपारी वैद्यांनी नाडी बघून दादाला कचेरीतून बोलवायला सांगितलं. दादाबरोबर रावसाहेबही आले. घरमालकीण दारात उभी होती, शेजारचे दोघेतिघे ओसरीवर. आईने बाबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बाबांनी डोळे उघडले, दादाला शोधलं आणि हळू म्हणाले, "विन्या, एकदा हाक मार रे मला."

दादा वाकला. त्याचे ओठ हलले. मग त्याने मान वळवून रावसाहेबांकडे बघितलं, आणि म्हणाला, "काका."

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. अजून काही येईल असं त्यांना वाटत असावं. दादा रडत म्हणाला, "काका, मी इथेच आहे, काका." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. देवा, मी तरी म्हणायचं होतं! मला कोणती नोकरी होती? पण दादाचा चेहरा समोर होता, आणि माझ्याही तोंडून काकाच निघालं. आई खाली वाकून म्हणाली, "अहो... अहो, मी आहे ना." तेव्हा त्यांनी डोळे तिच्याकडे फिरवले आणि तिथेच ठेवले. ती एकच हाक खरी होती.

भटजींनी विचारलं, "मयताला मुलगा?" दादा म्हणाला, "नाही." मग पुतण्याने सगळं केलं. पुतण्याने अग्नी दिला, पुतण्याने चुलत्याच्या नावाने पाणी सोडलं. बाबांच्या खऱ्या नावाने जे करायचं ते तर आमचं केव्हाच करून झालं होतं.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर रावसाहेब ओसरीवर बसले होते. मी आतल्या दाराशी होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते मनापासूनच बोलत होते. "विनायकराव, सख्ख्या बापाचं कुणी इतक्या आस्थेने करत नाही. तेराही दिवस मी बघितलं. साहेबांच्या कानावर घातलंय, असा सचोटीचा माणूस वरच्या जागेवर हवा." दादाने वाकून त्यांचे पाय धरले. "आपली कृपा," म्हणाला. आणि त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेला.

मी आत आले. आई आलवण नेसून, बोडकं डोकं पदरात घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणत होते गं?"

"दादाला वरची जागा मिळेल म्हणत होते, काकू."

घरात आम्ही दोघीच होतो. ओसरीवर कुणी नव्हतं, अंगणातही कुणी नव्हतं. माझ्या लक्षात आलं आणि मी तिच्या पायाशी जाऊन पडले. "आई," मी म्हटलं, "आई गं, चुकलं माझं."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि दाराकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल. काकूच म्हणत जा. विन्याची नोकरी अजून पुष्कळ वर्षं आहे."